चारचौघांत परतणं: मेंदूच्या इजेनंतर ते कसं मोजायचं

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत झोपाळ्याला मोठा मान असतो. सकाळचा पेपर, दुपारचा चहा, संध्याकाळी आलेला पाहुणा, सगळं त्याच्याभोवतीच. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि घरोघरी जाऊन काम करते. या झोपाळ्याची मला थोडी धास्तीच वाटते. डोक्याला मार लागून किंवा लकव्याचा झटका येऊन दवाखान्यातून सुटलेला माणूस हळूहळू त्यावर स्थिरावतो. सकाळी बसतो आणि रात्री जेवायला हाक मारली की उठतो. फाइल उघडून पाहावं तर बार्थेल इंडेक्स १०० पैकी १००.

फाइल खोटं बोलत नाही. १९६५ साली प्रसिद्ध झालेली बार्थेलची मोजपट्टी खाणं, अंघोळ, कपडे, संडास-बाथरूम, चालणं, जिना अशा १० गोष्टी विचारते. ते सगळं जमत असेल तर १०० मिळतात. महिनाभर उंबरठा ओलांडला नाही आणि घराबाहेरच्या एकाही माणसाशी बोलणं झालं नाही, तरीही १००च. घरचे म्हणतात, ‘तसे बरे आहेत, पण पहिल्यासारखे नाहीत.’ हा लेख त्या ‘पण’चं मोजमाप कसं करायचं याबद्दल आहे. घरच्यांसाठी लिहिलाय, आणि या क्षेत्रात नव्याने आलेल्या थेरपिस्ट आणि समाजसेवक मंडळींसाठीसुद्धा.

नेमकं मोजायचं काय

जन्मानंतर मेंदूला झालेली कुठलीही इजा इथे धरायची: स्कूटरचा अपघात, जिन्यावरून पडणं, स्ट्रोक, मेंदूज्वर, गाठीचं ऑपरेशन, हृदय थांबल्यामुळे ऑक्सिजन कमी पडणं. कारणं निरनिराळी असली तरी घरी आल्यानंतरचा प्रश्न एकच असतो. हा माणूस आता कुणाच्या आयुष्यात आहे, आणि त्याच्या आयुष्यात कोण आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अपंगत्वाकडे पाहण्याची जी चौकट मान्य केली, तिच्यात ‘सहभाग’ हा शब्द ठळकपणे आला. हात किती उचलतो ही एक गोष्ट झाली. त्या हाताने माणूस घरात, गल्लीत, कामावर काय करतो, ही दुसरी. पहिली सुधारली की दुसरी आपोआप सुधारेल हे गृहीत धरण्यात घरांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

पट्टी कोणती घ्यायची

पट्ट्या बऱ्याच आहेत. मी मुख्यतः दोन वापरते आणि सुरुवात करणाऱ्यालाही त्याच दोन सुचवते.

पहिली कम्युनिटी इंटिग्रेशन क्वेश्चनेअर, म्हणजे सीआयक्यू. बॅरी विलर आणि सहकाऱ्यांनी ती १९९३ च्या सुमारास मेंदूला मार लागलेल्यांसाठी तयार केली. १५ प्रश्न, पंधरा-वीस मिनिटांचं काम. तिचे तीन भाग: घरातला सहभाग (० ते १०), सामाजिक सहभाग (० ते १२) आणि नोकरी-शिक्षण-सेवा असा उत्पादक भाग (० ते ७). एकूण २९. ऑस्ट्रेलियात तिची सुधारलेली आवृत्ती झाली. तिच्यात फोन आणि इंटरनेटवरून होणाऱ्या संपर्काचे ३ प्रश्न जोडले आहेत आणि एकूण गुण ३५ होतात. आज कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप हीसुद्धा एक ओसरीच आहे, त्यामुळे तरुण माणसासाठी ही आवृत्ती घ्यावी.

दुसरी कम्युनिटी इंटिग्रेशन मेझर, सीआयएम. ही मॅककोल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आणली. हिच्यात १० विधानं असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण १० ते ५०. ती किती वेळा, कोण, कुठे असलं काही विचारत नाही. इथे मी आपला वाटतो का, लोक मला स्वीकारतात का, मला इथल्या वाटा आणि रीती कळतात का, दिवसभरात काही उपयोगाचं करायला आहे का, एवढंच विचारते. सीआयक्यू माणसाला बाहेरून पाहते आणि सीआयएम आतून. दोन्ही घ्या, कारण रोज बाहेर पडणारा माणूस अत्यंत एकटा असू शकतो.

इजेपूर्वीच्या तुलनेत काय बदललं हे थेट विचारणारी सिडनीची एसपीआरएस नावाची १२ प्रश्नांची पट्टी आहे, तीही चांगली. स्ट्रोक, मधुमेह, मानसिक आजार अशी सरमिसळ असलेल्या मोठ्या गटाची पाहणी करायची असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची व्होडॅस २.० घ्यावी. तिची ३६ आणि १२ प्रश्नांची रूपं आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. यातल्या कुठल्याही आकड्यावर अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली ४० टक्क्यांची अट वेगळी, तिची तपासणी वेगळी. हा आकडा पुढच्या महिन्यांचं नियोजन करण्यासाठी आहे.

भाषा आधी ठरवा

बडोद्यात हे सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी कुणी विचारतही नाही. आपल्या घरात आई-वडिलांशी मराठी, भाजीवाल्याशी गुजराती आणि ऑफिसात हिंदी चालते. नातवंडं तर मराठी प्रश्नाला गुजरातीत उत्तर देतात. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली आणि बोलण्यावर परिणाम झाला, तर माणसाच्या सगळ्या भाषा सारख्या प्रमाणात परत येतीलच असं नसतं. एका आजींची मराठी सहा महिन्यांत बरीच परतली, पण जन्मभर सफाईने बोललेली गुजराती अडखळत राहिली. घरात कुणाला जाणवलं नाही, कारण घरात सगळे मराठी. पण खंडेराव मार्केट त्यांना बंद झालं. शेजारच्या बेनबरोबर ओट्यावरच्या गप्पा बंद झाल्या. घरचे म्हणत, ‘हल्ली बाहेर जायचा कंटाळा करतात.’ कंटाळा नव्हता तो, शब्द सापडत नव्हते.

म्हणून पहिल्याच भेटीत लिहून घ्या: इजेच्या आधी कुठल्या माणसांशी कुठली भाषा होती, आणि आता त्यातली कोणती किती येते. मुलाखत त्याच्या सर्वांत मजबूत भाषेत घ्या. वाक्य तोडून विचारा आणि ०, १, २ चे पर्याय मोठ्या अक्षरांत किंवा चित्रांत समोर ठेवा. ‘मी स्वतः’, ‘मी आणि कुणीतरी’, ‘दुसरंच कुणी’ अशी तीन कार्डं पुष्कळदा पुरतात. बोट दाखवलं तरी ते उत्तरच.

प्रश्नांचं भाषांतर करताना पुस्तकी मराठी नको. ‘आपल्या घरगुती गरजांची खरेदी कोण करते?’ असं विचारलं की समोरचा परीक्षेला बसल्यासारखा होतो. ‘किराणा, भाजी कोण आणतं?’ पुरे. मात्र प्रश्नाचा गाभा आणि गुणांची पद्धत बदलू नका. भाषांतर दुसऱ्या कुणाकडून उलट इंग्रजीत करून घ्या, मूळ प्रश्नाशी ताडून पाहा, मग तीन-चार घरांत विचारून पाहा की त्यांना काय समजलं. अभ्यासासाठी मोजत असाल तर ही पायरी गाळता येणार नाही.

मुलाखत

वेळ सकाळची घ्या. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा साध्या दमण्यापेक्षा फार वेगळा असतो, दुपारनंतर तोच माणूस अर्धा असतो. टीव्ही बंद करायला सांगा. चहाला हो म्हणा, पण प्रश्न सुरू करण्याआधी तो संपवा.

आधी त्या माणसाला एकट्याला विचारा. आपल्याकडे हे सोपं नाही. ‘काका, किराणा कोण आणतं?’ म्हटलं की काकू पदराला हात पुसत आतून उत्तर देतात. त्यांना वाईट वाटू न देता सांगावं लागतं: ‘काकू, तुमचं मला सगळं ऐकायचंय, पण काकांचं झाल्यावर.’ मग त्यांच्याशी वेगळं बसा आणि तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा.

दोन उत्तरं वेगळी आली तर कुणाला खोटं ठरवू नका, फरक लिहून ठेवा. आपल्यात काय बदललंय हेच इजा झालेल्या मेंदूला काही वेळा उमगत नाही. तो लपवत नसतो, त्याला दिसत नसतं. उलटही होतं. काळजीने पिचलेली बायको जे जमतं तेसुद्धा ‘नाही जमत’ सांगते. अशा वेळी मी छोटं प्रत्यक्ष काम देते: २०० रुपये, पाच वस्तूंची यादी आणि कोपऱ्यावरचं दुकान. मी मागे राहते. परत आल्यावर हिशोब विचारते. दहा मिनिटांत दोघांच्या उत्तरांमधलं अंतर कशामुळे होतं ते बरंचसं कळतं.

प्रश्न कुठे अडतात

सीआयक्यूचे घरातले ५ प्रश्न असे: किराणा, स्वयंपाक, घरकाम, मुलांचं पाहणं, आणि नातेवाईक-मित्रांच्या भेटीगाठी ठरवणं. स्वतः एकट्याने केलं तर २, कुणाबरोबर केलं तर १, दुसराच करत असेल तर ०. घरात १७ वर्षांखालचं मूल नसेल तर चौथ्या प्रश्नाला बाकीच्या चार घरातल्या प्रश्नांची सरासरी द्यायची.

इथेच आपल्या घरांची आणि पट्टीची पहिली ठोकर होते. जन्मात गॅस न पेटवलेले काका आणि तीस वर्षं सगळं घर ओढणाऱ्या वहिनी, दोघांना एकाच फूटपट्टीने कसं मोजायचं? बायकांना या भागात जास्त गुण मिळतात हे परदेशातल्या अभ्यासांतही दिसलेलं आहे. शिवाय भांडी-फरशीला बाई असेल तर तिसऱ्या प्रश्नाला शून्यच, मग मेंदू शाबूत असो वा नसो. याला उपाय एकच. प्रत्येक प्रश्न दोनदा विचारा: ‘आता कोण करतं?’ आणि ‘अपघाताच्या आधी कोण करायचं?’ दोन रकाने करा. माणसाची तुलना पहिल्यांदा त्याच्या स्वतःशीच व्हायला हवी.

सामाजिक भागात पैशाचे व्यवहार, महिन्यात किती वेळा खरेदीला, करमणुकीला, भेटायला बाहेर गेलात (एकदाही नाही ०, एक ते चार वेळा १, पाच किंवा जास्त २), करमणूक कुणाबरोबर, आणि मनातलं बोलण्याजोगा जिवलग आहे का (हो २, नाही ०) असे ६ प्रश्न आहेत. यातले दोन जपून हाताळा.

भेटायला जाणं मोजलं जातं, भेटायला येणं नाही. आपल्याकडे आजारी माणसाकडे लोक येतात, निदान पहिले तीन महिने. गुण नियमाप्रमाणेच द्या, पण ‘गेल्या महिन्यात घरी कोण आलं?’ हेही शेजारी लिहा. येणारे कधी थांबले तो महिना माझ्या मते फार महत्त्वाचा आहे.

करमणूक मुख्यतः घरच्यांबरोबर असेल तर १ आणि मेंदूची इजा नसलेल्या मित्रांबरोबर असेल तर २ गुण मिळतात. यामागे एक समजूत आहे की मोठ्या माणसाने घराबाहेर आपलं वर्तुळ करावं. कमाटीबागेत रविवारी अख्खं कुटुंब शेव-चिवड्याचे डबे घेऊन बसतं, त्यांना हे पटणार नाही, आणि मलाही पूर्ण पटत नाही. तरी गुण बदलायचे नाहीत. बदलले तर बाहेरच्या कुठल्याही आकड्याशी तुलना संपली. समासात लिहा: ‘आधीही घरच्यांबरोबरच जायचे.’

उत्पादक भागात एक प्रश्न घराबाहेर किती वेळा जाता याचा, त्याचे २. उरलेले ५ गुण नोकरी, शिक्षण आणि सेवाकार्य यांचं मिळून ठरतात. काहीच नाही तर ०. महिन्यात एक ते चार वेळा सेवा केली तर १. पाच किंवा अधिक वेळा सेवा, किंवा मनापासून नोकरी शोधणं, याला २. अर्धवेळ नोकरी किंवा शिक्षणाला ३, पूर्णवेळाला ४, एक पूर्ण आणि दुसरं अर्धवेळ असं दोन्ही असेल तर ५. ‘रोज बाहेर जातात’ या उत्तराला मात्र नेहमी पुढचा प्रश्न हवा: कुठे? रोज रिक्षाने फिजिओथेरपीला जाऊन येणाऱ्यालाही २ मिळतात.

माझी तिसरी ओळ

हे कुठल्याही पट्टीत नाही, माझी सवय आहे. जिथे जिथे गुण इजेपूर्वीपेक्षा कमी, तिथे मी ‘आता’ आणि ‘आधी’च्या रकान्यांखेरीज तिसऱ्या ओळीत तीनपैकी एक खूण करते: जमत नाही, करू देत नाहीत, करायचं नाही.

स्ट्रोकनंतरच्या एका वहिनींचे घरातले गुण ९ वरून २ वर आले होते. घर प्रेमळ. सुनेने सगळं हातात घेतलं, ‘आई, तुम्ही आता आराम करा.’ खुणा केल्या तर पाचांपैकी तीन ठिकाणी ‘करू देत नाहीत’. उजवा हात कमजोर होता, पोळ्या लाटणं खरोखर जमत नव्हतं. पण मटकी निवडणं, उसळीला फोडणी टाकणं, दूधवाल्याचा हिशोब, हे सगळं जमण्यासारखं होतं. महिनाभर व्यायाम वाढवण्यापेक्षा सुनेशी एक तास बोलण्याचा तिथे जास्त उपयोग झाला.

‘करायचं नाही’ ही खूण सर्वांत सावधपणे करा. तिच्यामागे कधी खरी आवड बदललेली असते, कधी लाज, कधी नैराश्य. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, ‘माझा काय उपयोग’ असं वारंवार बोलणं दिसलं तर मोजणी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. जीव द्यायचं बोलत असतील तर त्याच दिवशी सांगा आणि त्यांना एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात दिसेल असा लावून ठेवा.

एक कागद प्रत्यक्षात

तीन-चार घरं एकत्र करून, ओळख पटणार नाही असं एक उदाहरण घेते. दांडिया बाजारातले ५४ वर्षांचे काका, खाजगी कंपनीत अकाउंट्स पाहायचे, स्कूटरवरून पडून डोक्याला मार लागल्याला वर्ष झालेलं.

घरात: किराण्याला १ (काकूंबरोबर), स्वयंपाक ०, घरकाम ०, भेटीगाठी ठरवणं १, मुलं लहान नाहीत म्हणून सरासरी ०.५. एकूण १० पैकी २.५. आकडा भयंकर दिसतो. पण अपघाताआधीचा रकाना ३.७५ सांगतो, कारण तेव्हाही स्वयंपाक आणि घरकाम त्यांचं नव्हतंच. इथे गमावलेलं फक्त १.२५ आहे.

सामाजिक: पैसे ०, खरेदी २, करमणूक १, भेटायला जाणं १, करमणूक घरच्यांबरोबर १, जिवलग ०. एकूण ५. आधी हेच १० होते: पैसे २, खरेदी १, करमणूक १, भेटायला जाणं २, सगळ्यांबरोबर मिळून करमणूक २, जिवलग २. खरेदीचा गुण वाढलेला दिसतोय, पण काकूंना त्यांना घरी एकटं सोडवत नाही, म्हणून जिथे जातात तिथे बरोबर नेतात. पिशवी धरून उभं राहण्याचे ते २ गुण आहेत. अशा ठिकाणी आकड्यापेक्षा शेजारची ओळ वाचायची.

उत्पादक: बाहेर जाणं २, बाकी ०. आधी ६.

एकूण आता ९.५, आधी १९.७५. सीआयएममध्ये त्यांचे सर्वांत कमी गुण ‘दिवसभरात उपयोगाचं काही करायला आहे’ या आशयाच्या विधानाला पडले. घरच्यांचा भर स्वयंपाकघरात छोटी मदत करायला लावण्यावर होता, काकांचं तुटलेलं मात्र दुसरीकडेच होतं: हिशोब, आणि हिशोबामुळे येणारी माणसं.

महिना कोणता

‘महिन्यातून किती वेळा’ असं विचारणाऱ्या पट्टीला आपले सण गोंधळात टाकतात. गणपतीत आणि नवरात्रात बडोदं घरी बसत नाही, तेव्हा मोजलं तर सगळेच समाजात मिसळलेले दिसतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार गेला की धडधाकट माणूसही संध्याकाळी सातपर्यंत दार उघडत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्या महिन्याच्या मोजण्या मी तुलनेत धरल्याच नाहीत. माझी पसंती फेब्रुवारी आणि जुलै. एरवी निदान दरवर्षी तोच महिना धरा.

पहिली मोजणी घरी आल्यावर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि पुढे दरवर्षी करावी असं मी सांगते. ‘दोन वर्षांत जे व्हायचं ते झालं’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. अमेरिकेतल्या टीबीआय मॉडेल सिस्टीम्स या दीर्घकालीन पाहणीत मेंदूला मार लागलेल्यांची विचारपूस १, २ आणि ५ वर्षांनी, आणि नंतर दर ५ वर्षांनी चालू राहते. हातपायांची सुधारणा मंदावल्यावरही माणसाचं चारचौघांतलं स्थान वर-खाली होत राहतं. मुलीचं लग्न होतं, मित्र शहर सोडतो, नातू होतो.

सण मोजणीत नको म्हणाले, पण टिपणात हवाच. मोजणीच्या आधी आणि नंतर एकेक आठवडा घरच्यांनी साधी वही ठेवावी: वेळ, कुठे, कुणाबरोबर, कुणाच्या मनाने. मोटरसायकलच्या अपघातानंतर कॉलेज सुटलेला एक मुलगा होता. तोल जायचा, त्यामुळे उत्तरायणला त्याला गच्चीवर नेणार नव्हते. शेवटी कठड्यापासून लांब, भिंतीला टेकवून खुर्ची ठेवली आणि धाकट्या भावाची फिरकी त्याच्या हातात दिली. ‘ढील दे, ढील दे’ ऐकत तो दोन तास बसला. सीआयक्यूमध्ये याचा अर्धा गुणही वाढत नाही. वहीत मात्र आईने लिहिलं होतं: ‘स्वतः म्हणाला, अजून थांबू.’ त्याउलट गरब्याच्या मैदानावरचा आवाज आणि दिवे त्याला पंधरा मिनिटंही सोसले नाहीत. तो घरी गेला म्हणून ‘सहभाग नको’ असं लिहिणं अन्याय झाला असता. पुढच्या वर्षी सोसायटीतला लहान गरबा, कानात कापूस आणि परत येण्याची वेळ आधीच ठरवून, असा बेत केला.

आकड्यावरून पुढचं पाऊल

मोजून कागद फाइलला लावायचा असेल तर मोजूच नका, त्या घराची सकाळ वाया जाते. तीन गोष्टी एकत्र ठेवा: कुठले गुण इजेपूर्वीपेक्षा सर्वांत जास्त घसरले, सीआयएममध्ये त्याला स्वतःला कुठे सर्वांत जास्त टोचतंय, आणि तिसऱ्या ओळीतली खूण. तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे एकच ध्येय ठरवा. पाच ध्येयं असलेली घरं दुसऱ्या महिन्यात सगळी सोडून देतात.

काकांच्या घरी ध्येय ठरलं: गल्लीच्या मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या वह्या नीट लावणं, आठवड्यातून दोनदा, सकाळी दीड तास, पुतण्या शेजारी. महिन्याला आठ वेळा होतात, म्हणजे पट्टीच्या ‘पाच किंवा अधिक’ मध्ये बसतात. पण निवड गुणांसाठी नव्हती. वहीतल्या बेरजा त्यांना अजून येत होत्या, चुका पुतण्याला सापडत होत्या, आणि मंडळाच्या ओट्यावर येणारे-जाणारे ‘काका, कसे आहात?’ म्हणून थांबत होते. दुसऱ्या आठवड्यात ते एका बेरजेवरून चिडले आणि वही फेकून घरी आले. रागावरचा ताबा सुटणं हाही इजेचाच भाग आहे, हे पुतण्याला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून तो तिसऱ्या आठवड्यात परत बोलवायला आला. ज्यांच्यामध्ये माणूस परतणार आहे, त्यांची तयारी करणं हे निम्मं काम आहे.

दुसऱ्यांदा मोजताना शक्यतो त्याच माणसाने, त्याच भाषेत, दिवसाच्या त्याच वेळी विचारावं. जुना कागद आधी पाहू नये, उत्तरं तिकडे ओढली जातात. एक-दोन गुणांच्या फरकावर पेढे वाटू नयेत आणि रडूही नये. तेवढा फरक उत्तर देतानाच्या मनःस्थितीनेही पडतो. कुठल्या प्रश्नात बदल झाला ते पाहावं.

काका फेब्रुवारीत ९.५ वर होते, जुलैत ११.५ वर. घरातले २.५ तसेच. उत्पादक भाग २ वरून ४ झाला, तो वह्यांमुळे. सामाजिक आधी ५, नंतरही ५, पण आतून सगळं बदललेलं होतं. खरेदी २ वरून १ वर आली, कारण काकूंना त्यांना दीड तास एकटं सोडण्याचा धीर आला. पैशाचे व्यवहार ० वरून १ वर गेले, वीजबिल आता दोघं मिळून भरतात. नुसती बेरीज पाहणाऱ्याने ‘सामाजिक: बदल नाही’ असं लिहिलं असतं.

जिवलगाच्या प्रश्नासमोर अजून शून्य आहे. ऑफिसातले एक जुने स्नेही आहेत, अपघातानंतर दोनदा आले, मग काय बोलावं कळेना म्हणून थांबले. त्यांना मी फोन केला आणि एवढंच सांगितलं की काकांचं वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागतो, मध्येच शब्द पुरवू नका. दर गुरुवारी संध्याकाळी दोघांनी सेव-उसळ खायला जायचं ठरलंय. पुढची मोजणी फेब्रुवारीत.